टाचणीबाईची तिसरी टेप

"हेडबाई, जरा ताठ उभ्या राहा की."

"ताठच आहे गं बाई. याहून ताठ झाले तर मागच्या मागे आडवी होईन."

"मग ही टेप गेली कामातून. आणून दोन महिने झाले नाहीत तर सैल पडली. हल्ली टेपासुद्धा मेल्या हलक्या निघतात."

"टेपेला शिव्या घालू नकोस. कोट कधी देतेस ते बोल. महिन्याभरानं मी शाळेतून निवृत्त होतेय. त्या दिवशी सगळी शाळा माझ्याकडे बघत असणार, आणि मी काय कोपरं झिजलेला कोट घालून भाषण ठोकू?"

"गुरुवारी कच्च्या टाक्यावर घालून बघायला या. आता हात खाली सोडा. आणि पोट आत ओढू नका, मला सगळं कळतं."

एवढं सगळं ती ओठांत चार टाचण्या धरून बोलली. तीस-पस्तीस वर्षांची सवय. टाचण्या तोंडात ठेवून ती हसायची, चहाला नाही म्हणायची, नवऱ्याशी भांडायचीसुद्धा, पण टाचणी कधी पडली नाही की टोचली नाही. म्हणून सगळी गल्ली तिला टाचणीबाई म्हणे. तिचं खरं नाव आठवायला तिच्या नवऱ्यालाही घटकाभर छताकडे बघावं लागलं असतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडच्या खिडकीशी मशीन, भिंतीला माणूसभर उंचीचा आरसा, मधोमध कापड बेतायचं लाकडी टेबल आणि टेबलाखाली जमिनीवर सहा किलोची लोखंडी इस्त्री. टेबल होतं तिच्या सासूचं. सासूनंच तिला हे काम शिकवलं. सासू होती पावणेपाच फूट, त्यामुळे टेबलही तसंच बुटकं. लग्न होऊन आल्या दिवसापासून टाचणीबाई त्या टेबलावर कमरेत वाकून कापड कापत आली. टेबल उंच करून घ्यावं असं कधी मनात आलं नाही. सासूच्या टेबलाला हात लावणं म्हणजे सासूला बुटकी म्हणण्यासारखं.

टेबलासोबत सासूनं एक नियमही दिला होता. माप वहीत उतरवायचं, तोंडानं बोलायचं नाही. "बाईला तिचा घेर मोठ्यानं सांगितलास," सासू म्हणायची, "तर उद्या ती तोच घेर दुसऱ्या दुकानात घेऊन जाईल." टाचणीबाईनं हा नियम असा पाळला की गिऱ्हाईक विचारायला लागलं तरी ती टाचण्यांकडे बोट दाखवायची. तोंड भरलंय म्हणून.

आणि नुसतं गप्प राहून भागत नसे. पन्नाशीच्या पुढे बायकांचं अंग फिरतं. पाठीला कापड जास्त लागायला लागतं, पुढे कमी. कोट पुढून लोंबतो, मागून वर चढतो. मग टाचणीबाई न बोलता पाठीत अर्धा इंच सोडायची, पुढून काढून घ्यायची, मानेखाली एक बारीकशी चुणी घालायची. बाई आरशात बघायची, स्वतःला सरळ दिसायची आणि खूश होऊन जायची. या हातचलाखीचा टाचणीबाईला भलता तोरा होता. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्या माझ्या चुणीवर उभ्या आहेत, असं ती मनात म्हणायची.

हेडबाई गेल्यावर तिनं वही उघडली. कपडा कुठलाही असो, पहिलं माप उंचीचंच लिहायचं. पाच वर्षांपूर्वी खांद्यापासून घोट्यापर्यंत पन्नास इंच. आज सव्वाअठ्ठेचाळीस. टेप वापरून वापरून ताणली, की माप कमी दाखवते. हे शिवणकाम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. तिनं आकड्यासमोर नेहमीसारखं बारीक अक्षरात लिहिलं, 'टेप सैल', आणि टेप पिशवीत टाकून बटणवाल्याच्या दुकानी निघाली.

बटणवाला तिला बघूनच हसला. "आणखी एक? वर्षातली तिसरी. टेपा काय भाजीत घालता का काय तुम्ही?"

"तुमचा मालच रद्दी. ही बघा, पावणेदोन इंच खाल्लेत हिनं."

"पावणेदोन?" बटणवाल्याला ते लागलं. त्यानं गल्ल्यामागून लोखंडी मोजपट्टी काढली, टेप तिच्यावर अंथरली आणि बोट सरकवत सरकवत पार टोकापर्यंत गेला. मग टेप गुंडाळून तिच्यासमोर ठेवली. "इंच न् इंच बरोबर आहे. मागच्या दोन टाकून दिल्या नसतील तर त्याही आणा, मोजून देतो. टेप चुकली नाही, बाई. गिऱ्हाईक चुकलं असेल."

तो आपला चेष्टेत बोलला. टाचणीबाई मात्र हसली नाही. रस्ताभर ती एकच हिशेब करत आली. टेप बरोबर, तर मग पावणेदोन इंच गेले कुठे?

घरी सून खिडकीत बसून काजं करत होती. टाचणीबाई म्हणाली, "ऊठ. उभी राहा."

"काय झालं, आई?"

"उभी राहा म्हटलं ना."

सुनेचं माप लग्नाच्या वेळी घेतलेलं होतं. एक्कावन्न. आताही एक्कावन्न. केसाचा फरक नाही. टाचणीबाईनं टेप सुनेच्या हातात दिली. "आता माझं घे."

सुनेनं दोनदा मोजलं. मग वह्यांच्या गठ्ठ्यातून तळाची, दोऱ्यानं बांधलेली जुनी वही काढली. तिच्यात टाचणीबाईच्या सासूच्या तिरप्या अक्षरात नव्या सुनेचं, म्हणजे टाचणीबाईचं, माप होतं. एकोणपन्नास.

"आई, साडेसत्तेचाळीस भरतंय. दीड इंच कमी."

"सासूबाईंचा हात कापायचा. चुकून लिहिलं असेल."

"अक्षर तिरकं आहे, आकडा नाही."

टाचणीबाई खुर्चीत बसली आणि पानं उलटायला लागली. एकेका पानावर तेच, तिच्याच हातचं. 'टेप सैल'. पोस्टातली बाई. दूधवाली. पलीकडच्या गल्लीतल्या दोघी बहिणी. मोजले तर नऊ. नऊच्या नऊ पन्नाशी ओलांडलेल्या. गेली पाच-सात वर्षं ती टेपेला दोष देत होती आणि बायका तिच्या डोळ्यांदेखत आखूड होत होत्या.

शेवटी ती सासूच्या पानावर आली. सत्तेचाळीस, मग पंचेचाळीस, मग त्रेचाळीस. त्यापुढे माप नव्हतं. सासू न्हाणीघरात पाय सरकून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाला होता, आता मशीन सोडा. सोडली. मशीनवर चादर घातली आणि खाट खिडकीशी ओढली. शिवणारा माणूस नुसता बसला की काय होतं ते टाचणीबाईनं दीड वर्ष रोज बघितलं. सासू चादरीचीच किनार बोटांनी दुमडायची, उलगडायची. मग तेही थांबलं.

तिनं वही फाटकन मिटली. "हे या खोलीबाहेर जाता कामा नये. कळलं?"

"पण आई, तुमची पाठ दुखते ना उन्हाळ्यापासून—"

"मशीनवर बसणाऱ्याची पाठ दुखणार नाही तर काय नाक दुखणार? मला डॉक्टरकडे जायचं नाही. गेले की म्हणणार, मशीन सोडा. मी मशीन सोडणार नाही. संपलं."

सून काजं करायला बसली. सुईचा आवाज येईल इतक्या जोरात टोचत राहिली.

गुरुवारी हेडबाई आल्या त्या डावा हात गळ्यात बांधून. बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर.

"अगं बया! हे काय?"

"एक पायरी," हेडबाई म्हणाल्या. "एकच! वर्गातून उतरताना पाय चुकला, हात टेकला, आणि मनगट काडीसारखं कटकन मोडलं. सहावीची पोरं जिन्यावरून घसरगुंडी करतात, त्यांना ओरखडा नाही येत. हसू नकोस. आता या बाहीत हे लाकूड घुसेल असं काहीतरी कर."

टाचणीबाई बाही उसवायला लागली. कच्च्या टाक्यांचा कोट हेडबाईंच्या अंगावर, आणि ती त्यांच्या पाठीमागे. मानेखाली तिचीच चुणी होती. नेहमीपेक्षा मोठी घालावी लागली होती, आणि तरी पाठ बसत नव्हती. आरशात हेडबाई सरळ दिसत होत्या. मागून सरळ दिसत नव्हत्या. मागून त्या सासूसारख्या दिसत होत्या.

टाचणीबाईनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. सुनेनं मान वर केली. गिऱ्हाईक उभं असताना टाचणीबाईचं तोंड रिकामं झालेलं तिनं कधी बघितलं नव्हतं.

"हेडबाई, तुमची उंची कमी झालीय. पावणेदोन इंच. पाठ पुढे वाकलीय."

"कधीपासून?"

"मला दिसतंय त्याला पाच वर्षं झाली."

हेडबाई हळूच वळल्या. शाळेत त्या अशा वळल्या की मागचं बाकसुद्धा गप्प होई. "पाच वर्षं माझी पाठ तुला दिसत होती, आणि मला सांगितली नाहीस?"

"मला वाटलं टेप सैल पडलीय."

"अस्सं. आणि ही चुणी? तीही टेपेनंच घातली?"

हेडबाईंनी चांगल्या हातानं मानेमागची चुणी चाचपून बघितली.

"छान घातलीस," त्या म्हणाल्या. "इतकी छान, की मी पाच वर्षं आरशावर विश्वास ठेवला. हात बांधला त्या डॉक्टरनं सांगितलंय, एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडत नाही, हाडांची तपासणी करा. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. उद्या जाते. तुझं माप किती?"

"माझं काय मधेच?"

"दीड इंच कमी!" खिडकीतून सून ओरडली.

"तू गप गं!"

"ती कशाला गप? उद्या दहा वाजता तयार राहा. मी एकटी जाणार नाही."

"मी येणार नाही, हेडबाई. मशीन सोडा म्हणतील."

"आणि मला म्हणतील शाळा सोडा. ती तर सुटतेच आहे. चल मुकाट्यानं. आणि ती वही घे बरोबर."

दवाखान्यातली डॉक्टरीण होती सुनेच्या वयाची. तिनं दोघींना शेजारी शेजारी बसवून विचारायला सुरुवात केली. पाळी कधी गेली? आईचं, मावशीचं कधी खुब्याचं हाड मोडलं होतं? गोळ्या कसल्या चालू आहेत? चालणं किती? आणि मग, "तरुणपणी उंची किती होती? कुणालाच आठवत नाही म्हणा ही."

टाचणीबाईनं पिशवीतून दोन्ही वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

डॉक्टरीण एक पान वाचत गेली, दुसरं वाचत गेली. चष्मा काढून परत घातला. "वीस-वीस वर्षांची मापं? तारखेसकट? माझ्याकडे रुग्ण येतात ते पडून, मोडून. आधीचं कुणाकडे काही नसतं. आणि हे 'टेप सैल' म्हणजे काय?"

टाचणीबाईनं सांगितलं. सांगताना कान तापले. डॉक्टरीण हसली नाही. तिनं बोटानं मोजलं. "नऊ. एक या हेडबाई. बाकीच्या आठजणी कुठे आहेत?"

हाडांची घनता मोजणारं मशीन म्हणजे नुसतं पलंगावर पडून राहायचं. वरून एक दांडा सावकाश सरकत जातो. टाचणीबाईला ते बेतायच्या टेबलावर कापड होऊन पडल्यासारखं वाटलं. पाठीचे एक्स-रे काढले. दोन दिवसांनी बोलावलं.

"ऑस्टिओपोरोसिस," डॉक्टरीण म्हणाली. "हाडं आतून विरळ होतात. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे भराभर होतं. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे पत्ता लागत नाही."

"विरलेलं कापड," टाचणीबाई म्हणाली. "घडी घातलेली असते तोवर नवं दिसतं. उजेडापुढे धरलं की पलीकडचं दिसतं."

"अगदी तेच. हे मशीन म्हणजे आमचा उजेड." मग तिनं एक्स-रेवर पेन टेकवलं. हेडबाईंचे दोन मणके दबले होते. टाचणीबाईचा एक, थोडासा. "उन्हाळ्यात काही जड उचललं होतं? पाठीत एकदम काही झालं होतं?"

टाचणीबाई आठवत राहिली, आणि मग तिनं कपाळावर हात मारला. टेबलाखालची इस्त्री वाकून उचलली होती, आणि कट् असा आवाज झाला होता. तिला वाटलं, मशीनची सुई मोडली. पाठ धरून ती मशीनशी गेली होती आणि चांगली धडधाकट सुई काढून नवी घातली होती.

हेडबाई इतक्या हसल्या की प्लास्टर टेबलावर आपटलं. "मणका मोडला आणि हिनं सुई बदलली!"

टाचणीबाई हसली नाही. तिला एकच विचारायचं होतं. "मशीन सोडू का?"

"कुणी सांगितलं?"

"सासूबाईंना सांगितलं होतं."

"तुमच्या सासूबाईंच्या वेळी डॉक्टरांकडेही सांगण्यासारखं फार नव्हतं. मशीन सोडायची नाही. वाकून वजन उचलणं सोडायचं. रोज अर्धा तास चालायचं, तेही उन्हात. मी दाखवीन ते पाठीचे व्यायाम करायचे. दूध-दही, डाळ, पालेभाजी पोटात गेली पाहिजे. तुम्ही दिवसभर चहावर असता, खरं ना?"

"आठ कप," हेडबाईंनी परस्पर सांगून टाकलं.

"आणि ही गोळी. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही. ताठ बसायचं नाहीतर उभं राहायचं. औषधानं पुढची मोडतोड टळते. गेलेली उंची परत येणार नाही, ते खोटं सांगत नाही. पण कापड फाटायच्या आत आलात तुम्ही."

घरी आल्यावर टाचणीबाईनं नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा सुतार. त्यानं ऐकून घेतलं, मग टेबलाशी गेला, हात टेकवला आणि त्याला स्वतःलाच कमरेत वाकावं लागलं.

"तीस वर्षं अशी वाकतेस? बोलली का नाहीस?"

"तुमच्या आईचं टेबल होतं."

"आई पावणेपाच फूट होती. तू नाहीस."

"मीही निघालेच होते तिकडे."

त्यानं दुसऱ्या दिवशी टेबलाच्या चारी पायांना नऊ-नऊ इंचांचे तुकडे जोडले आणि इस्त्रीसाठी कमरेइतक्या उंचीवर फळी ठोकली. टाचणीबाईनं न्हाणीघरात खरखरीत पट्टा चिकटवून घेतला. पहिल्यांदा उंच टेबलावर कापड अंथरलं तेव्हा तिला आपण दुसऱ्याच्या दुकानात आलोय असं वाटलं. तास-दोन तासांनी ते वाटणं गेलं. संध्याकाळी पाठ नेहमीइतकी बोलली नाही.

मग आठजणी. तिनं एकेकीच्या दारात जाऊन सांगितलं. दूधवालीनं ऐकून घेतलं आणि लगोलग तारीख ठरवली. दोघी बहिणींत आधी कोण जास्त आखूड झालं यावर भांडण झालं, मग दोघी मिळून गेल्या. पोस्टातली बाई मात्र भडकली. "माझी मापं गावभर वाचत फिरतेस?" असं म्हणून तिनं शिवायला दिलेलं कापड परत मागितलं. सासूचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. टाचणीबाईनं घडी नीट करून कापड दिलं, आणि डॉक्टरणीचा पत्ता घडीत घातला.

हेडबाईंनी निरोपाच्या दिवशी नवा कोट घातला. चुणी तशीच होती, पण आता दोघींना माहीत असलेली. शाळेबद्दल त्या पाच मिनिटं बोलल्या आणि हाडांबद्दल पंधरा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या दारात चार शिक्षिका उभ्या. शिवायला काही नव्हतं, उंची मोजून घ्यायची होती. टाचणीबाईनं दाराच्या चौकटीवर खडूनं रेघा मारल्या आणि प्रत्येकीला बजावलं, वर्षानं परत यायचं, पाऊण इंचाहून जास्त खाली आलीस तर थेट दवाखाना. तेव्हापासून पंचेचाळिशीच्या पुढची कुठलीही बाई तिच्या दुकानात आली की आधी चौकटीला पाठ लावायची, मग गळा किती खोल हवा ते बोलायचं. पोरांच्या उंचीच्या रेघा सगळ्या घरांत असतात. आयांच्या कुठेच नव्हत्या.

तीन-चार महिने गेले. एका सकाळी टाचणीबाई गोळी घेऊन तिचा अर्धा तास उभ्या उभ्या काढत होती. या वेळात ती आता उभ्यानं बटणं लावून टाकायची. दारात सावली पडली. पोस्टातली बाई. काखेत तेच कापड.

"तिकडच्या शिंप्याकडे दुसरा कोट शिवून बघितला, त्याला काखेतला मुंढा जमत नाही," ती फुरंगटून म्हणाली. "हात वर केला की सगळा कोट वर येतो."

"या. चौकटीला पाठ लावा."

"ते कशाला? कोटाचं माप घे."

"तेच घेतेय. टाचा मागे."

बाईनं नाक उडवलं, पण पाठ टेकवली. टाचणीबाईनं तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली, रेघ मारली, मग खांद्यापासून टेप सोडली. ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"सव्वाएकोणपन्नास," ती स्वच्छ मोठ्यानं म्हणाली.

बाई चौकटीवरच्या आपल्या रेघेकडे बघत म्हणाली, "आणि आधी?"

"साडेपन्नास."

"हं." तिनं काखेतलं कापड टेबलावर ठेवलं. "ती तुझी डॉक्टरीण... फार बोलते का गं?"

"हेडबाईंपेक्षा कमी."

"बरं. शनिवारी मला सुट्टी असते."

"मग शनिवारी नऊ वाजता या. मलाही दाखवायला जायचंय, बरोबरच जाऊ. कोट बुधवारी मिळेल. आणि चुणी घालणारच आहे, पण सांगून घालतेय."

बाई गेली. अर्धा तास झाला होता. टाचणीबाईनं कापड उंच टेबलावर झटकून अंथरलं, फळीवरून इस्त्री उचलली, टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या आणि खडू घेतला.

"सूनबाई," ती टाचण्यांतून म्हणाली, "काळा दोरा संपलाय बघ. आणि बटणवाल्याला सांग, टेप नको आता, हीच चालेल."